ढगांवरचे विमान आणि ढगांखालची भूमी : जुन्या युद्धविमानांच्या छायाचित्रांचा आस्वाद

छायाचित्रण ही कला की कसब, हा वाद आता जुना झाला आहे. परंतु छायाचित्र कसे वाचावे आणि त्याचा आस्वाद कोणत्या कसोट्यांवर तपासावा, ह्या प्रश्नाकडे साहित्याच्या अभ्यासकांचे लक्ष त्या मानाने थोडेच गेले आहे. प्रस्तुत लेखात एका विशिष्ट वर्गाच्या आस्वादाचा विचार करण्याचे योजिले आहे. हा वर्ग म्हणजे जुन्या लष्करी विमानांच्या छायाचित्रांचे व्यासंगी रसिक. ब्रिटन, अमेरिका, जर्मनी ह्या देशांत त्यांची परंपरा दीर्घ आहे. आपल्या देशातही भारतीय वायुदलाची जुनी छायाचित्रे जमविणारी, त्यांचा काळ व स्थळ निश्चित करणारी मंडळी आहेत. त्यांचा छंद म्हणजे माहितीचा निव्वळ हव्यास, की त्यास आस्वाद हे नाव शोभेल? आणि आस्वाद म्हणावयाचा, तर तो पूर्ण आहे काय? हे दोन प्रश्न येथे क्रमाने घ्यावयाचे आहेत.

प्रथम हा रसिक काय पाहतो ते समजून घेतले पाहिजे. सामान्य माणसाला जुन्या चित्रात एक विमान दिसते. ह्या रसिकास विमानाच्या शेपटीजवळ रंगविलेला अनुक्रमांक दिसतो, धडावरील स्क्वॉड्रनची अक्षरे दिसतात, पंखावरील वर्तुळचिन्हाची कडी किती व कोणत्या जाडीची आहेत हे दिसते, इंजिनाच्या धुराच्या नळ्यांचा आकार दिसतो. एवढ्यावरून तो विमानाचा प्रकार, उपप्रकार आणि पुष्कळदा चित्राचा काळही सांगतो. ज्याच्यावर तारीख नाही, घेणाऱ्याचे नाव नाही, अशा कागदाच्या तुकड्याला तो त्याचे स्थान आणि काळ मिळवून देतो.

हे काम आपल्याला अपरिचित वाटण्याचे कारण नाही. हस्तलिखिताच्या अक्षरवळणावरून, कागदावरून, लेखनिकाच्या लकबींवरून पोथीचा काळ ठरविणारा संशोधक हेच करीत असतो. शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तेव्हापासून पाठचिकित्सेची दृष्टी मराठी वाङ्मयास ठाऊक आहे. एखादी ओवी मूळची की मागाहून घुसलेली, हे ठरविण्यास ग्रंथाविषयी जी जवळीक लागते, तशीच जवळीक ह्या विमानरसिकांना आपल्या विषयाविषयी असते. त्यांचे ज्ञान बारीकसारीक आहे म्हणून ते क्षुद्र ठरविणे हे पाठभेदांची टीप क्षुद्र ठरविण्यासारखे होईल.

एक उदाहरण घेऊ. पहिल्या महायुद्धाच्या काळात आणि त्यानंतरही बरीच वर्षे जी ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म वापरात होती, ती तांबड्या रंगास जवळजवळ आंधळी असे; निळा रंग मात्र तिला चटकन जाणवे. परिणामी ब्रिटिश विमानावरील वर्तुळचिन्हाचे गर्द निळे कडे ह्या चित्रांत फिकट उमटते आणि मधला तांबडा ठिपका काळा दिसतो. दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटिश विमानांच्या धडावर ह्या चिन्हाभोवती पिवळे कडे असे. तशा फिल्मवर ते पिवळे कडेही काळसर होऊन बसते. ज्याला हे ठाऊक नाही तो चित्राकडे पाहून रंगांविषयी भलतेच अनुमान काढील. ज्याला ठाऊक आहे तो चित्रातील काळोखातून मूळचा रंग पुन्हा उभा करतो. कृष्णधवल चित्र पाहत असता मनात रंग पाहणे ही कल्पनाशक्तीचीच क्रिया आहे. फरक एवढाच की ह्या कल्पनेला पुराव्याचा लगाम आहे.

आपल्या देशाशी निगडित उदाहरणही ह्याच जातीचे आहे. जपानी विमानांवरील चिन्ह म्हणजे तांबडे सूर्यबिंब. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर घाईच्या क्षणी मित्राचे विमान शत्रूचे समजले जाऊ नये म्हणून १९४३ पासून ब्रिटिश व भारतीय विमानांच्या चिन्हातून तांबडा रंग काढून टाकण्यात आला आणि निळा व पांढरा एवढेच रंग ठेवण्यात आले. स्वातंत्र्यानंतर काही काळ भारतीय विमानांवर अशोकचक्राचे चिन्ह आले आणि १९५० पासून केशरी, पांढरे व हिरवे अशी कडी आली. तेव्हा तारीख नसलेल्या एखाद्या भारतीय विमानाच्या चित्रात केवळ ह्या वर्तुळाकडे पाहून जाणता रसिक त्याचा काळ काही वर्षांच्या मर्यादेत आणून ठेवतो. एका लहानशा वर्तुळात साम्राज्य, युद्ध, स्वातंत्र्य आणि प्रजासत्ताक ह्यांचा इतिहास सामावलेला आहे, हे त्याच्या ध्यानी येते. इतिहासाच्या शिक्षकास यापेक्षा बोलके साधन क्वचितच मिळेल.

अनुक्रमांकाचेही तसेच. अंक म्हणजे रुक्षपणाची परिसीमा असे आपण समजतो. परंतु ह्या छायाचित्रांत अंक हे चरित्राचे दार ठरते. लिबरेटर ह्या अवजड बाँबफेकी विमानाची कथा पाहा. अमेरिकन कारखान्यांत तयार होऊन ब्रिटिश वायुदलाच्या सेवेत आलेली ही विमाने युद्ध संपल्यावर मोठ्या संख्येने कानपूर येथे टाकून देण्यात आली, आणि ती पुन्हा कोणाच्या उपयोगी पडू नयेत म्हणून मुद्दाम मोडतोड करून ठेवण्यात आली. १९४८ च्या सुमारास भारतीय वायुदलास दूर पल्ल्याच्या विमानांची निकड भासली, तेव्हा बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनीच्या तंत्रज्ञांनी ह्या भंगारातून धड भाग निवडून एकेक विमान उडण्याजोगे केले. जमशेद मुन्शी ह्या वैमानिकाने ती जुजबी दुरुस्तीनिशी कानपूरहून बंगळूरला उडवीत नेली. अशी चाळीसच्या वर विमाने पुन्हा सेवेत आली आणि १९६८ च्या अखेरीपर्यंत उडत राहिली. पुढे त्यांतील एक १९७४ मध्ये ब्रिटनच्या शाही वायुदल संग्रहालयाकडे गेले. त्याच्या शेपटीवरचा आकडा ज्याला वाचता येतो त्याला त्या विमानाचे जन्म, मरण आणि पुनर्जन्म ही तिन्ही दिसतात. ज्याला येत नाही त्याला फक्त चार इंजिनांचे एक बोजड यंत्र दिसते. पहिल्याचा आस्वाद अधिक समृद्ध आहे, हे मान्य करण्यास आपली हरकत नसावी.

येथे एक आक्षेप संभवतो. हे सारे ज्ञान असेल. परंतु ज्ञान म्हणजे आस्वाद नव्हे. मर्ढेकरांच्या ‘सौंदर्य आणि साहित्य’ ह्या १९५५ च्या ग्रंथापासून मराठी समीक्षेस संवाद, विरोध आणि समतोल ह्या लयतत्त्वांच्या भाषेत बोलण्याची सवय लागली आहे. त्या दृष्टीने पाहता चित्रातील आकार, छायाप्रकाश आणि अवकाश ह्यांचे परस्परसंबंध तेवढे सौंदर्यानुभवाशी निगडित. विमानाचा अनुक्रमांक हा लौकिक तपशील, म्हणून कलाबाह्य. हा आक्षेप सहज झटकून टाकण्याजोगा नाही. त्याचे उत्तर एखाद्या उत्तम चित्रसंग्रहातच शोधले पाहिजे.

चार्ल्स ब्राऊन (१८९६–१९८२) हा इंग्रज छायाचित्रकार वृत्तपत्रांसाठी काम करता करता आकाशातील विमानांच्या चित्रणाकडे वळला, आणि दोन महायुद्धांच्या मधल्या काळातील व दुसऱ्या युद्धातील ब्रिटिश विमानांची प्रतिमा लोकांच्या मनात ठसविण्याचे श्रेय पुष्कळ अंशी त्याला आहे. त्याचा संग्रह आज शाही वायुदल संग्रहालयात आहे. त्याची कार्यपद्धती ध्यानात घेण्यासारखी आहे. आकाशातील विमानाचे चित्र दुसऱ्या विमानातून घ्यावयाचे असते. वारा झोडपत असतो, कॅमेरा हातांत घट्ट धरावा लागतो. सूर्य कोणत्या बाजूस आहे, खाली ढग कसे पसरले आहेत आणि समोरचा वैमानिक किती जवळ येण्यास धजतो, ह्या तिन्ही गोष्टी जुळून येण्याचा क्षण पकडावा लागतो. शटर फार वेगवान ठेवले तर पंख्याची पाती गोठून राहतात आणि विमान दोरीने टांगल्यासारखे दिसते. फार मंद ठेवले तर सारेच चित्र हलते. योग्य वेग साधला म्हणजे पंख्याच्या जागी एक धूसर वर्तुळ उमटते आणि स्थिर चित्रात गतीचा प्रत्यय येतो.

ब्राऊनची चांगली चित्रे पाहताना मर्ढेकरी परिभाषा सहज आठवते. पांढऱ्याशुभ्र, मऊ, आकारहीन मेघराशीवर धातूची रेखीव, कठीण आकृती हा विरोध. ओळीने उडणाऱ्या विमानांच्या पंखांची एकाच कोनातील पुनरावृत्ती हा संवाद. आणि रिकाम्या आकाशाचा मोठा भाग एका बाजूस ठेवून लहानशा विमानाने त्यास पेलून धरणे हा समतोल. येथपर्यंत शुद्ध आकृतिवादी समीक्षकाचे समाधान होईल.

परंतु आता त्यातील स्पिटफायर विमानाच्या पंखाकडे पाहा. त्याचा लंबवर्तुळाकार पंख जगातील सुंदर आकारांत गणला जातो. रेजिनाल्ड मिचेल ह्या अभियंत्याने हे विमान रचले. ५ मार्च १९३६ रोजी ते प्रथम उडाले आणि पुढल्याच वर्षी, ११ जून १९३७ रोजी, मिचेल निवर्तला. तो पंख तसा वळविला गेला तो चित्रात शोभावा म्हणून नव्हे. पंख शक्य तितका पातळ हवा होता, परंतु त्याच्या पोटात चाके आणि बंदुका मावावयास हव्या होत्या. लंबवर्तुळात बुंध्याशी रुंदी टिकते आणि टोकाशी हवेचा अडथळा कमी होतो. म्हणजे ज्या वक्ररेषेवर आपण लुब्ध होतो तिचा अर्थ बंदुकांना जागा करून देणे असा आहे. हे ज्याला ठाऊक आहे त्याला त्या रेषेत केवळ डौल दिसत नाही. गरज आणि डौल एकरूप झालेले दिसतात. तेव्हा तपशिलाचे ज्ञान कलाबाह्य आहे, हा आक्षेप येथे लंगडा पडतो. ज्ञानामुळे रेषा अधिक अर्थवाहक होते. त्याच ज्ञानाने ती रेषा अधिक भयंकरही होते. त्याचा विचार पुढे येईलच.

त्याआधी सत्यासत्याचा प्रश्न घ्यावयास हवा, कारण ह्या रसिकांची सर्वांत मोठी कामगिरी त्याच क्षेत्रातील आहे. तीन छायाचित्रकारांची तुलना ह्या संदर्भात उद्बोधक ठरेल.

पहिला आल्फ्रेड बकहॅम (१८७९–१९५६). पहिल्या महायुद्धात ब्रिटिश नौदलाच्या हवाई सेवेत छायाचित्रे घेणारा हा मनुष्य नऊ अपघातांतून वाचला. शेवटच्या अपघातानंतर त्याला गळ्यात बसविलेल्या नळीतून श्वास घ्यावा लागे. तरीही तो उडत राहिला. १९२० च्या सुमारास त्याने केलेले एडिंबरो शहराचे हवाई चित्र प्रसिद्ध आहे : धुक्यातून वर आलेला किल्ला, मागे मेघांचे नाट्य, आणि वर एक लहानसे दुपंखी विमान. हे चित्र एका क्षणात टिपलेले नाही. बकहॅमने ढगांच्या चित्रांचा मोठा साठा करून ठेवला होता. भूमीचे एक चित्र, आकाशाचे दुसरे, आणि वर हाताने केलेली भर, अशा रीतीने तो आपली चित्रे सिद्ध करी.

दुसरा फ्रँक हर्ली. पश्चिम आघाडीवर १९१७ मध्ये ऑस्ट्रेलियन सैन्याचा अधिकृत छायाचित्रकार म्हणून गेलेल्या हर्लीचे म्हणणे असे की युद्धाचे सारे भयंकर वास्तव एकाच काचेवर कधीच सापडत नाही. म्हणून त्याने अनेक निगेटिव्ह जोडून एकेक भव्य चित्र केले. त्यांत खंदकातून धावून जाणारे सैनिक आहेत, फुटणारे तोफगोळे आहेत आणि वर घिरट्या घालणारी विमानेही आहेत. युद्धाचा अधिकृत इतिहासकार चार्ल्स बीन ह्यास हे मुळीच मान्य नव्हते. त्याच्या दृष्टीने इतिहासाच्या साधनात अशी जोड म्हणजे बनावट होय. दोघांत कडाक्याचा वाद झाला.

तिसरा वेस्ली आर्चर. हा अमेरिकन मनुष्य ब्रिटिश हवाई दलात लढलेला होता आणि पुढे चित्रपटांसाठी विमानांच्या लहान प्रतिकृती करीत असे. १९३० नंतरच्या वर्षांत पहिल्या महायुद्धातील आकाशयुद्धाची काही थरारक छायाचित्रे न्यूयॉर्कमध्ये प्रकट झाली : परस्परांवर आदळणारी विमाने, पेटून कोसळणारी विमाने, बाहेर फेकला गेलेला वैमानिक. एका वैमानिकाने विमानावर गुपचूप कॅमेरा बसवून ती घेतली, अशी कथा सांगण्यात आली. १९३३ मध्ये त्या वैमानिकाची दैनंदिनी म्हणून एक पुस्तकही निघाले. जाणत्यांच्या मनात शंका होत्या, तरी ही चित्रे पन्नास वर्षे ठिकठिकाणी छापली गेली. अखेर १९८४ च्या सुमारास आर्चरच्या मागे राहिलेले साहित्य वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय हवाई व अंतराळ संग्रहालयाकडे आले आणि ही सारी चित्रे प्रतिकृतींची होती, हे उघड झाले. ह्या उलगड्यात पीटर ग्रोस ह्या विमान-इतिहासकाराचा मोठा भाग होता. युद्धाचा आणि युद्धखोरांचा जन्मभर तिटकारा करणारे जर्मन चित्रकार गेओर्ग ग्रोस ह्यांचे हे चिरंजीव, ही गोष्ट नमूद करण्याजोगी वाटते.

तिघांनीही चित्रे ‘केली’. नुसती ‘घेतली’ नाहीत. मग तिघांना एकच न्याय लावावा काय? प्रस्तुत लेखकाचे मत असे की चित्र प्रेक्षकाला कोणते वचन देते, ही येथे कसोटी मानावी. बकहॅमचे चित्र आकाशाच्या भव्यतेचा अनुभव देण्याचे वचन देते आणि ते पाळते. त्याच्या ढगांची तारीख विचारणे अप्रस्तुत आहे. आर्चरचे चित्र असे सांगते की हा मनुष्य खरोखर असा मेला. ते वचन खोटे आहे आणि म्हणून त्याचा सारा थरार उसना ठरतो. प्राचीन ग्रंथात पदरची ओवी घालणारा आपल्या ओवीसाठी ग्रंथकाराची प्रतिष्ठा वापरतो. आर्चरने मेलेल्या वैमानिकांची प्रतिष्ठा वापरली. हर्ली ह्या दोहोंच्या मध्ये उभा आहे. त्याच्या मनात प्रामाणिक दुःख होते, परंतु त्याची चित्रे युद्धाच्या अधिकृत नोंदीचे अंग म्हणून लोकांपुढे आली आणि नोंदीचे वचन वेगळे असते. बीनचा हट्ट रुक्ष वाटला तरी न्याय्य होता. विमानरसिकांच्या बारकाव्यांच्या वेडाची योग्यता येथे पूर्णपणे पटते. ज्या पिढ्यांना आर्चरचा थरार पुरेसा वाटला त्यांना जे दिसले नाही, ते चिन्हे आणि तारा मोजणाऱ्या, तथाकथित अरसिक मंडळींना खटकत होते.

ह्या दृष्टीने पाहण्याचे मोल प्रत्यक्ष युद्धातही सिद्ध झाले आहे. कॉन्स्टन्स बॅबिंग्टन स्मिथ ही इंग्रज स्त्री युद्धापूर्वी विमानविषयक नियतकालिकात हौसेने लिहीत असे. युद्धात मेडमेनहॅम येथील केंद्रात शत्रुप्रदेशाची हवाई छायाचित्रे वाचण्याच्या कामावर ती रुजू झाली आणि विमानांचा उलगडा करणाऱ्या विभागाची प्रमुख झाली. १९४३ मध्ये बाल्टिक किनाऱ्यावरील पेनेमुंड येथील एका छायाचित्रात एका उतरत्या चौथऱ्यावर तिला क्रूसासारखी एक अगदी बारीक आकृती दिसली. ते वैमानिकाविना उडणारे जर्मन अस्त्र होते. जून १९४४ पासून लंडनवर त्याचाच वर्षाव झाला. आधी मिळालेल्या सूचनेमुळे त्याच्या प्रक्षेपणस्थळांवर हल्ले करता आले. विमानांच्या आकारांवर प्रेम करणाऱ्या डोळ्यांना जे दिसले त्यामुळे कित्येक अनोळखी माणसांचे प्राण वाचले. लक्षपूर्वक पाहणे हा केवळ छंद नव्हे, ते एक नैतिक सामर्थ्यही होऊ शकते, याचा हा दाखला आहे.

आता दुसरा प्रश्न. हा आस्वाद पूर्ण आहे काय? येथे मात्र ह्या रसिकांची बाजू पूर्वीइतक्या निःशंकपणे घेता येत नाही. त्यांच्या आवडत्या चित्रांची रचनाच पाहा : वर स्वच्छ आकाश, मध्ये विमान, खाली ढग. ढगांमुळे चित्र सुंदर होते. त्याच ढगांमुळे भूमी दिसेनाशी होते. बाँबफेकी विमान ज्यासाठी निर्माण झाले ते कार्य ढगांखाली घडते आणि चित्राच्या चौकटीत ते येत नाही. २६ एप्रिल १९३७ रोजी गेर्निका गावावर जी जर्मन विमाने आली त्यांची जुनी चित्रेही आज रसिक तितक्याच आवडीने पाहतात. पंखांचे सांधे आणि रंगांचे पट्टे ह्यांची चर्चा होते. चर्चा अचूक असते. गावाचा उल्लेख मात्र पुष्कळदा तळटिपेपुरताही उरत नाही.

ह्या अपूर्णतेचे सर्वांत ठसठशीत उदाहरण एकाच विमानाच्या इतिहासात सापडते. ६ ऑगस्ट १९४५ रोजी टिनियन बेटावरून निघण्यापूर्वी घेतलेले एक छायाचित्र सर्वपरिचित आहे. चकचकीत धातूच्या विमानाच्या खिडकीतून वैमानिक पॉल टिबेट्स हात हलवून निरोप घेत आहे आणि खिडकीखाली मोठ्या अक्षरांत ‘एनोला गे’ हे नाव रंगविलेले आहे. ते त्याच्या आईचे नाव. केवळ चित्र म्हणून पाहता त्यात एक घरगुती ओलावा आहे : प्रवासास निघालेला मुलगा, आईचे नाव, हलणारा हात. त्यानंतर काही तासांनी हिरोशिमा शहर भस्मसात झाले. हे ठाऊक असलेल्या प्रेक्षकाला तो हात पूर्वीसारखा दिसूच शकत नाही. येथे तपशील माहीत असणे पुरेसे नाही. कोणता तपशील माहीत असावा हाच प्रश्न आहे.

ह्या विमानाच्या प्रदर्शनावरून अमेरिकेत जो वाद झाला तो प्रत्येक शिक्षकाने अभ्यासावा असा आहे. राष्ट्रीय हवाई व अंतराळ संग्रहालयाने युद्धसमाप्तीच्या पन्नासाव्या वर्षी हे विमान मांडण्याचे ठरविले आणि त्याच्याबरोबर हिरोशिमा व नागासाकीतील जळितांची चित्रे व वस्तूही मांडण्याचा बेत केला. त्या वस्तूंत एका शाळकरी मुलीचा जेवणाचा डबा होता. त्यातील अन्नाचा कोळसा झालेला होता. ह्या बेतास माजी सैनिकांच्या संघटनांनी प्रखर विरोध केला. जपानने आरंभिलेल्या आक्रमणाचा आणि त्यात मेलेल्यांचा विसर पाडून केवळ जपानी यातना पुढे केल्या जात आहेत, असे त्यांचे म्हणणे होते. त्या म्हणण्यात तथ्य मुळीच नव्हते असे कोणी म्हणू नये. जानेवारी १९९५ मध्ये मूळ प्रदर्शन रद्द झाले, मे महिन्यात संचालक मार्टिन हार्विट ह्यांनी राजीनामा दिला, आणि जूनमध्ये विमानाचा धडाचा भाग त्या वस्तूंविना लोकांपुढे आला. डिसेंबर २००३ पासून संपूर्ण विमान वॉशिंग्टनजवळच्या नव्या दालनात झळझळीत उभे आहे. डबा आणि विमान एका छपराखाली ठेवणे त्या समाजाला झेपले नाही. ज्याने रोज शेकडो मुलांना मधल्या सुटीत डबे उघडताना पाहिले आहे, त्याला ह्या वादात कोणता तपशील गमावला गेला हे वेगळे सांगावयास नको.

ह्याचा अर्थ युद्धविमानांच्या चित्रांकडे पाहूच नये असा नाही. तसा निर्णय देणे सोपे असले तरी आपल्या परंपरेशी ते विसंगत होईल. महाभारताच्या द्रोणपर्वात वीरांच्या घोड्यांचे रंग आणि रथांवरील ध्वजांची चिन्हे ह्यांचे वर्णन किती विस्ताराने येते ते पाहावे. कोणाच्या ध्वजावर वानर, कोणाच्या ध्वजावर कमंडलू. कोणाचे घोडे पांढरे, कोणाचे तांबडे. विमानांची चिन्हे आणि अनुक्रमांक टिपणाऱ्या आजच्या रसिकाचा तो पूर्वजच म्हणावा. महाकवीने शस्त्रास्त्रांच्या वैभवाकडे पाठ फिरविली नाही. परंतु तो तेथे थांबलाही नाही. ध्वजांच्या वर्णनानंतर सौप्तिकपर्व येते आणि त्यानंतर स्त्रीपर्व येते. गांधारी रणभूमीवर उतरते आणि त्याच वीरांची प्रेते एकेक करून ओळखते. ध्वज ओळखणारी दृष्टी आणि प्रेत ओळखणारी दृष्टी एकाच काव्यात आहेत, म्हणून ते काव्य युद्धाविषयी पूर्ण सत्य सांगते. विमानरसिकांच्या आस्वादात द्रोणपर्व आहे, स्त्रीपर्व नाही. आपला आक्षेप एवढाच आहे आणि तो लहान नाही.

हा विचार दूरदेशीचा वाटत असेल तर आपल्याच परिसराकडे पाहावे. १८ डिसेंबर १९६१ रोजी गोव्याच्या मुक्तीसाठी झालेल्या कारवाईत पुण्याहून कॅनबेरा विमाने आणि बेळगावजवळच्या सांबऱ्याहून हंटर विमाने निघाली. दाबोळीची धावपट्टी आणि बांबोळीचे बिनतारी केंद्र ही त्यांची लक्ष्ये होती. दाबोळीच्या इमारती वाचवाव्यात अशी सूचना होती. पुढे १९९८ मध्ये गोव्यात बोगमाळोच्या रस्त्यावर नौदलाचे विमानसंग्रहालय उघडले. तेथे सी हॉक, अलिझे, सुपर कॉन्स्टेलेशन अशी जुनी विमाने मांडलेली आहेत. गोव्याचा, बेळगावचा मराठी वाचक ह्या विमानांची छायाचित्रे पाहतो तेव्हा त्याला केवळ यंत्र दिसत नाही. खाली कोणते गाव आहे हे त्याला ठाऊक असते. धावपट्टीपलीकडचे माड, खाडी, वास्कोची वस्ती ही त्याच्या ओळखीची असतात. ढगांखालची भूमी पाहण्याची जी दृष्टी पाश्चात्त्य रसिकास प्रयत्नाने मिळवावी लागते, ती येथील वाचकास आपल्या गावाच्या नात्याने सहज मिळू शकते. त्या दृष्टीचा उपयोग त्याने दुसऱ्यांच्या गावांसाठीही करावा, एवढीच अपेक्षा आहे.

आपल्या वाचकांत शिक्षकांची संख्या मोठी आहे, म्हणून एक व्यावहारिक सूचना करणे वावगे ठरणार नाही. विमानांची चित्रे चिकटवहीत जमविणारी मुले प्रत्येक शाळेत असतात. त्यांच्या छंदास हसू नये आणि त्यावर प्रवचनही देऊ नये. त्यांच्यापुढे एखादे जुने चित्र ठेवून तीन प्रश्न विचारावेत. पहिला : ह्या चित्रात प्रत्यक्ष काय दिसते? चिन्ह, आकडा, पंखा, सावली, सारे मोजून सांगा. दुसरा : हे चित्र कोणी, कोठून, कशासाठी घेतले असेल, आणि ते कोणते वचन देत आहे? तिसरा : चौकटीबाहेर, ह्या ढगांखाली काय असेल? पहिल्या प्रश्नाने निरीक्षण येते, दुसऱ्याने विवेक, तिसऱ्याने सहृदयता. पहिल्या प्रश्नात आपले हे व्यासंगी रसिक आपणा सर्वांचे गुरू आहेत. दुसऱ्यातही त्यांनी पुष्कळ मिळविले आहे. तिसरा प्रश्न विचारण्याचे काम साहित्याच्या अभ्यासकाचे आहे, कारण जे शब्दांत सांगितलेले नाही ते ऐकण्याचे शिक्षण त्यालाच मिळालेले असते.

सारांश, जुन्या युद्धविमानांच्या छायाचित्रांचा आस्वाद हा खरा आस्वाद आहे. त्यात ज्ञान आणि रूप ह्यांचा संयोग आहे, सत्याची चाड आहे आणि दीर्घ व्यासंगाची शिस्त आहे. मात्र तो अर्ध्यावर थांबलेला आहे. त्यास खाली ओढण्याचे कारण नाही. त्यास पुढे नेले पाहिजे. ज्या डोळ्याला शेपटीवरील पुसट आकडा वाचता येतो, त्या डोळ्याला डब्यातील कोळसा झालेले अन्न दिसू नये असा काही नियम नाही. दोन्ही पाहणारा रसिक जेव्हा निर्माण होईल तेव्हा ह्या चित्रांचे मोल यथार्थ ठरेल.